एससीसीएस पॅकेज: केवळ रुग्णांच्या नोंदींवरून लशीची सुरक्षितता तपासताना

लस दिल्यानंतर काही आठवड्यांत एखादे मूल आजारी पडले, तर दोष लशीचा की योगायोगाचा, हे ठरवण्यासाठी निरोगी मुलांचा तुलनागट दर वेळी हाताशी असतोच असे नाही. संख्याशास्त्रज्ञ पॅडी फॅरिंग्टन यांनी १९९५ मध्ये मांडलेली 'सेल्फ-कंट्रोल्ड केस सिरीज' ही पद्धत अशा वेळी केवळ रुग्णांच्याच नोंदी वापरते आणि प्रत्येक रुग्णाच्या लशीनंतरच्या जोखमीच्या काळाची तुलना त्याच्याच उरलेल्या काळाशी करते. त्यामुळे लिंग, आनुवंशिकता, घरची परिस्थिती अशा न बदलणाऱ्या गोष्टींचा परिणाम आपोआप वजा होतो. या पद्धतीसाठी 'आर' या संगणकीय भाषेत 'एससीसीएस' नावाचे मोफत पॅकेज (तयार आज्ञांचा संच) असून, ते साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर वापरावे असे माझे मत आहे.

पॅकेजची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यासोबत येणारे नमुना-नोंदींचे संच. त्यांपैकी 'आयटीपीडॅट' या संचात गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि प्लेटलेट्स घटण्याचा आजार यांच्या नोंदी आहेत: ३६६ ते ७३० दिवस वयाची ३५ मुले आणि रुग्णालयात दाखल होण्याचे ४४ प्रसंग. लशीच्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंतचा, म्हणजे ४३ दिवसांचा काळ जोखमीचा मानला, तर लशीचा काहीच परिणाम नसताना आणि वयाचा प्रभाव बाजूला ठेवल्यास, पूर्ण वर्षभर निरीक्षणाखाली असलेल्या आणि त्याच वर्षात लस घेतलेल्या मुलाचा आजार या काळात येण्याची शक्यता ३६५ पैकी ४३, म्हणजे जेमतेम १२ टक्के असते. 'स्टँडर्डएससीसीएस' या फंक्शनला (तयार आज्ञेला) हाच काळ तीन तुकड्यांत आणि वयाचे गट सोबत देऊन चालवले, की १५ ते २८ दिवसांच्या तुकड्यात सापेक्ष दर, म्हणजे उरलेल्या काळाच्या तुलनेत आजाराचा दर, सुमारे सहापट निघतो, तर पहिल्या दोन आठवड्यांत ठळक वाढ दिसत नाही. काळाचे असे तुकडे पाडणे एवढे सोपे करून ठेवल्याबद्दल पॅकेजकर्त्यांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

मात्र उत्तर चटकन मिळते म्हणून ते बरोबरच असेल असे नाही. आजारी मुलाची लस पुढे ढकलली जाते. त्यामुळे लशीच्या आधीच्या दिवसांत आजाराचे प्रसंग कृत्रिमरीत्या कमी दिसतात, आणि हा काळ वेगळा न काढल्यास लशीनंतरचा दर फुगतो. हा काळ किती दिवसांचा धरायचा, हा निर्णय संशोधकाचाच आहे. गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजारानंतर फ्लूची लस टाळली जाते, तशी आजारामुळे पुढची लस अडत असेल तर साधे फंक्शन बाजूला ठेवून 'इव्हेंटडिपेनएक्सप' या फंक्शनकडे वळावे लागते. आजाराने मृत्यूच ओढवत असेल, तर निरीक्षणाचा काळच तुटतो आणि हा काळ आजारावर अवलंबून नसतो हे मूळ गृहीतक मोडते. नवख्या माणसाने हे आधी वाचून घ्यावे, मगच आज्ञा लिहायला बसावे.

मांडणीबाबत माझी तक्रार आहे. वय, लस आणि आजार या सर्व नोंदी तारखांऐवजी दिवसांच्या आकड्यांत द्याव्या लागतात, त्यामुळे रुग्णालयाच्या नोंदवहीतून थेट काम सुरू होत नाही. उत्तराच्या तक्त्यातही 'सापेक्ष दर' असे नाव कुठे नसते. 'exp(coef)' हा स्तंभ म्हणजेच सापेक्ष दर, हे आपण ओळखायचे. शिवाय वयाचा परिणाम गटांत न बांधणारे 'सेमीएससीसीएस' हे फंक्शन रुग्णसंख्या वाढली की संगणकाला जड जाते.

भारतात रोटाव्हॅक ही रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस आणि आतड्यात आतडे अडकण्याचा आजार यांचा संबंध तपासणाऱ्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच पद्धत वापरली गेली होती, त्यामुळे आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्य विभागांना तिची गरज पुढेही पडणार आहे. शिकणाऱ्याने 'फॉरमॅटडेटा' या फंक्शनने प्रत्येक मुलाचे काळाचे तुकडे ओळीओळीने काढून दोन-तीन मुलांचे दिवस कागदावर स्वतः मोजून पाहावेत, आणि दोन्ही जुळल्यावरच स्वतःच्या नोंदींना हात घालावा.