पीअरट्यूब, आठ महिन्यांनंतर : बँडविड्थ कोणाकडून मागायची?

तालुक्यातल्या शेतकरी गटाचे व्हिडिओ (गुलाबी बोंडअळी, कामगंध सापळे, तुरीची शेंडेखुडणी) आठ महिन्यांपासून स्वतःच्या पीअरट्यूब सर्व्हरवर आहेत. स्वतःची व्हिडिओ साइट चालवायचं, फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं हे मोफत सॉफ्टवेअर. पाहणारे एकमेकांना व्हिडिओचे तुकडे देतात, त्यामुळे सर्व्हरचा भार उतरतो. उतरतो खरा, पण आपोआप नाही.

१.५ एमबीपीएसचा व्हिडिओ २० जणांनी एकदम लावला की सर्व्हरला ३० एमबीपीएस अपलोड लागतं. वाटणी मात्र टॅब उघडा असेपर्यंतच चालते, तीही तोच व्हिडिओ त्याच वेळी पाहणाऱ्यांत. ग्रुपवर लिंक टाकली आणि कोणी सकाळी, कोणी वखर सोडून दुपारी पाहिलं, तर प्लेअरमध्ये पीअर (तुकडे देणारे-घेणारे) शून्यच. म्हणून वेळ ठरवा, रात्री आठ म्हणजे आठ. क्वालिटीही एकच सांगा, ४८०पी. एकाचं ७२०पी आणि दुसऱ्याचं ३६०पी असेल तर तुकडे जुळत नाहीत. ‘ऑटो’वर हीच गत होते. लाइव्ह असेल तर ‘स्मॉल लेटन्सी’ (कमी उशीर) निवडू नका, त्यात पीटूपी, म्हणजे ही आपसातली वाटणी, बंदच होते. ‘हाय लेटन्सी’त साधारण मिनिटभर उशीर होतो, पण वाटणी वाढते. शेतीच्या चर्चेला मिनिटानं काय बिघडतं?

आता मुख्य अडचण. बिटटोरेंट या फाइल-वाटणीच्या पद्धतीत जो देतो त्याला आधी मिळतं. इथे तसं काही नाही. सेटिंगमधली ‘हेल्प शेअर व्हिडिओज बीइंग प्लेड’ (पाहताना वाटणीला मदत करा) ही खूण काढणाऱ्यालाही व्हिडिओ तसाच दिसतो. नुटेला या फाइल-वाटणीच्या नेटवर्कवर २००० सालच्या अभ्यासात सुमारे ७० टक्के लोक काहीच वाटत नव्हते, तेव्हा गावकऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वाटणाऱ्याला बॅज किंवा गुण देऊन फरक पडेल असं वाटत नाही. डेटाचा खर्च नेमका सांगितला तर पडतो.

ब्राउझरला मोबाइल डेटा ओळखू आला की पीअरट्यूब त्या फोनवरून अपलोड करत नाही. फोनवाल्यांना तेवढं सांगा, धास्ती जाते. फसगत होते हॉटस्पॉटवर. लॅपटॉपला ते वाय-फायच दिसतं. १.५ एमबीपीएसनं तासभर पाहिलं की ६७५ एमबी, तेवढंच एकाला दिलं की १.३५ जीबी, रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये उरलं काय? हॉटस्पॉटवाल्यांनी खूण काढावीच. मागायचं ते फायबरवाल्यांकडून : ग्रामपंचायत, शाळा, सेतू केंद्र.

ग्रामपंचायतीच्या वाय-फायवर दहा फोन बसले तर तुकडे आतल्या आत फिरायला हवेत. फिरत नसतील तर राउटरमधलं ‘एपी आयसोलेशन’ (एकाच वाय-फायवरच्या फोनना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) बंद करा. वाटणी करणाऱ्यांना एकमेकांचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) दिसतो, हेही आधीच सांगून ठेवा. कॅरिअर-ग्रेड नॅटमागे (मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांना एकच आयपी पत्ता देते तिथे) असलेले बरेच फोन एकमेकांना जोडलेच जात नाहीत. तेव्हा व्हिडिओ गुपचूप सर्व्हरवरून येतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. प्लेअरवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ पाहिलं की कळतं.

लाईन गेली की राउटरही जातो. त्याला छोटा यूपीएस लावा, नाहीतर आठच्या कार्यक्रमाला सगळे पुन्हा मोबाइल डेटावर येतात.