बिडाची कढई की पत्र्याचा वोक?

घरच्या गॅसवर हॉटेलसारख्या चायनीज भाज्या परतायच्या तर नॉनस्टिक आधीच बाद. रिकामं भांडं धूर निघेपर्यंत तापवायचं, ही इथली पहिली पायरी. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते कोटिंगच खराब व्हायला लागतं. मग उरतात दोन: बहुतेकांच्या घरात असलेली बिडाची कढई आणि कार्बन स्टीलच्या पत्र्याचा पातळ वोक, म्हणजे चिनी पद्धतीची खोलगट कढई. माझ्याकडे दोन्ही आहेत.

बिडाची बाजू लोक समजतात तेवढी लंगडी नाही. ग्वांगडाँग-हाँगकाँगच्या हॉटेलांतल्या भट्ट्या आपल्या शेगडीपेक्षा कितीतरी पट जोराच्या. गार भाजी पडून पत्रा निवला तरी खालची आच लगेच भरपाई करते. आपली शेगडी ते करत नाही, म्हणून उष्णता साठवून ठेवणारं जाड बीड इथे उपयोगी पडतं. सिचुआनी पद्धतीची कोरडी फरसबी करून बघा. शेंगांना सुरकुत्या पडून डाग येईपर्यंत मध्यम आचेवर निवांत परतायची, मग लसूण, सुकी मिरची आणि चिमूटभर सिचुआन मिरी. वोकमध्ये ही भाजी मला कधी इतकी चांगली जमली नाही.

माझं बिडाशी बिनसलं ते गॅस बंद केल्यावर. चीनमध्ये घरोघरी होणारी बटाट्याच्या काड्यांची आंबट-तिखट भाजी घ्या. बटाटा काडेपेटीतल्या काडीएवढा बारीक चिरायचा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचा, निथळून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतायचा आणि शेवटी कडेने व्हिनेगर सोडायचं. काडी शिजलेली हवी, पण दाताखाली कुरकुरली पाहिजे. बिडाच्या कढईत ती नेमकी त्या टप्प्याला येते आणि तिथून माझी धांदल सुरू होते. दोन्ही कान तापलेले, कढई जड, सांडशीने धरून तिरपी करायची हिंमत होत नाही. मग झाऱ्याने उपसायचं. पहिला झारा फक्कड, दुसरा बरा; तळाशी राहिलेलं तोवर उपासाच्या भाजीच्या वाटेला लागलेलं असतं. जरा आधीच काढायला घेतलं तर वरच्या काड्या कच्च्या. बोक चॉय, कोबी, मोड यांचंही हेच.

वोकला लांब लाकडी दांडा आहे. एका हाताने उचलला, ताटलीत उपडा केला, भाजी तिथेच थांबली. चीनमध्येही बिडाचे वोक आहेत, पण आपल्या कढईच्या मानाने फारच पातळ. ते का, हे मला तेव्हा उमगलं.

वोकचे नखरे आहेत, नाही असं नाही. धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवला नाही तर गंज धरतो. व्हिनेगर किंवा टोमॅटो जास्त वेळ राहिला तर सीझनिंग, म्हणजे तेल तापून बसलेला थर, निघतं (बिडालाही हे चुकलेलं नाही). आणि आपल्या आचेवर एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त भाजी टाकली की पाणी सुटून ती वाफवलीच जाते. पालेभाजी आणि ब्रोकोली मी आधी मीठ आणि थोडं तेल घातलेल्या उकळत्या पाण्यातून काढतो. कँटनी हॉटेलांतही तसं करतात. भाजी पुरती निथळू द्यायची, एवढंच पथ्य. ज्याला ते ‘वोक हे’ म्हणतात तो धुरकट वास घरी पूर्ण येत नाही; थोडाफार येतो, निदान मला तरी तसं वाटतं.

तुमच्याकडे चांगली मुरलेली बिडाची कढई असेल आणि फरसबी, वांगी, मशरूम अशाच भाज्या जास्त होत असतील, तर खर्च करू नका. पातळ, कुरकुरीत भाज्या आवडत असतील तर मी वोककडे झुकेन. महागडाच हवा असं नाही. चायनीजच्या गाड्यांवर असते तशी दांड्याची पत्र्याची कढई भांड्यांच्या बाजारात मिळते. आणल्यावर वरचं तेल किंवा लॅकर घासून काढा, निळसर होईपर्यंत तापवा, मग तेल लावा. इंडक्शन असेल तर मात्र सपाट बुडाचीच घ्या.