शिशाला विचारायचं की गंधकाला?

गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर हातोडी मारली की तो चौकोनी तुकड्यांत फुटतो आणि हातात आकाराच्या मानाने भलताच जड लागतो. त्यात शिसंही आहे, गंधकही. हे खनिज कुठून आलं, हे शोधायला दोघांचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजता येतात, पण दोघं वेगवेगळी हकीकत सांगतात.

शिशाचे चार स्थिर समस्थानिक. 206, 207 आणि 208 यांत युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारी क्षयातून भर पडत राहते, 204 मध्ये नाही. गॅलेनात युरेनियम जवळजवळ नसतंच, म्हणून खनिज बनतानाचं गुणोत्तर तिथेच गोठतं. शिसं कोणत्या खडकातून आलं, याचा हा पक्का साक्षीदार. वयाबाबत मात्र जपून! अमेरिकेतल्या जॉप्लिन भागातल्या खनिजाच्या शिशावरून वय काढलं तर ते चक्क भविष्यकाळात जातं. त्यात क्षयातून आलेलं जादा शिसं मिसळलंय.

गंधकात 34 आणि 32 यांचं गुणोत्तर एका ठरावीक मानकापेक्षा किती वेगळं आहे ते पाहतात; 34 जास्त असेल तर गंधक ‘जड’, कमी असेल तर ‘हलकं’. मॅग्मातल्या, म्हणजे वितळलेल्या खडकातल्या गंधकात हा फरक शून्याच्या आसपास, समुद्रातल्या सल्फेटचं जड, जिवाणूंच्या हातून गेलेलं बहुधा हलकं.

आयर्लंडमधल्या नॅव्हनच्या जस्त-शिशाच्या खाणीत दोन्ही तपासले गेले. शिसं खालच्या जुन्या खडकांतलं निघालं. गंधक मात्र बहुतांशी हलकं, म्हणजे समुद्राच्या सल्फेटवर जिवाणूंनी केलेलं काम. धातू खालून, गंधक वरून!

आणि जस्त? त्याचा माग बहुतेकदा शिशावरूनच काढतात, दोन्ही एकाच गरम, खारट पाण्यातून आले असं धरून. एकाच चाचणीपुरते पैसे असतील तर मी शिसं निवडेन.