कॉप्टिक डिक्शनरी ऑनलाइन: कोश उत्तम, पण आधी विग्रह शिका

कॉप्टिक ही इजिप्तची जुनी भाषा घरबसल्या शिकणाऱ्याला आज सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होत असेल, तर या फुकटच्या कोशाचा आणि त्याला जोडलेल्या 'कॉप्टिक स्क्रिप्टोरियम' या संहितासंग्रहाचा. पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, ते पुढे सांगते.

मी शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्तीनंतर शांपोल्यॉंबद्दल वाचताना या भाषेचा नाद लागला. त्याला १८२२ मध्ये चित्रलिपीचं कोडं सोडवता आलं, त्यामागे त्याचं कॉप्टिक मोठं कारण होतं. फराओंच्या इजिप्शियन भाषेचं हे शेवटचं रूप. फक्त लिहिलेलं ग्रीक अक्षरांत, वर डेमोटिक या जुन्या इजिप्शियन लिपीतून घेतलेली अक्षरं. साहिदिक बोलीत अशी सहा, म्हणजे एकूण तीस. एका आठवड्यात हात बसतो. लिपीला घाबरू नका, खरी गंमत पुढे आहे.

कॉप्टिकमध्ये छोटे छोटे शब्द एकमेकांना चिकटून येतात. 'अफ्सोतम' म्हणजे 'त्याने ऐकलं': 'अ' भूतकाळाचा, 'फ' म्हणजे तो, 'सोतम' म्हणजे ऐकणं. 'ती' असेल तर 'फ'च्या जागी 'स'. इथपर्यंत सोपं. मग 'हम्पेइ' येतं, अर्थ 'घरात'. यात 'हन' म्हणजे मध्ये, 'प' हे पुल्लिंगी निश्चित उपपद आणि 'एइ' म्हणजे घर. 'प'च्या आधी आल्यामुळे 'हन'चा 'न' 'म' झाला. आपल्या संस्कृतातला परसवर्ण! मी खुर्चीतून उठलेच. पण ज्याला हा विग्रह जमत नाही त्याला कोश काय देणार? नोंदी आहेत त्या 'हन'च्या आणि 'एइ'च्या, अख्ख्या जोडाच्या नव्हेत.

आता कोशाबद्दल. शोधाच्या चौकटीत कॉप्टिक टाका किंवा इंग्रजी अर्थ टाका, दोन्हीकडून शब्द सापडतो. अक्षरांचा कळफलक पडद्यावरच आहे. अर्थ इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनमध्ये. शब्दाची बोलीनुसार रूपं तक्त्यात दिसतात: एस म्हणजे साहिदिक, बी म्हणजे बोहाइरिक, एफ म्हणजे फय्यूमी. जुनी मंडळी ज्याची शपथ घेतात तो वॉल्टर क्रम या कोशकारांचा १९३९ चा छापील कोश नऊशेहून जास्त पानांचा आहे आणि त्यात शब्द व्यंजनांच्या हिशेबाने लावलेले आहेत, स्वर मागाहून. विद्वानांना ते सोयीचं, नवशिक्याची मात्र शोधाशोधीतच संध्याकाळ जाते. इथे तो त्रास नाही, आणि क्रम यांच्या कोशातल्या पानांचे संदर्भही नोंदीत मिळतात. जॉर्जटाउन विद्यापीठ आणि बर्लिनची विज्ञान अकादमी यांच्यासारख्या संस्था यामागे आहेत, त्यामुळे कुणा हौशाने रविवारी बसून केलेलं काम नाही हे लगेच कळतं.

स्क्रिप्टोरियम कॅरोलिन श्रोडर आणि आमिर झेल्डेस यांनी उभं केलं. तिथे संहिता आधीच तोडून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक तुकड्याचं व्याकरण दिलंय, आणि शब्दावर टिचकी मारली की थेट कोशात जाता येतं. आपला मजकूर चिकटवला तर यंत्र त्याचाही विग्रह करून देतं. हे काम माणसाने तपासलंय की यंत्रानेच केलंय, याची नोंद संग्रहातल्या संहितेबरोबर असते. ती बघायची सवय लावून घ्या.

आणि इथेच माझा एक तारा कापला जातो. आयता विग्रह समोर असला की डोकं चालत नाही. तर्जुमा पाठ करून संस्कृतचा पेपर देणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली, त्यातलीच ही गत. नवशिक्याला तोडलेला पाठ झाकून ठेवता यावा, आधी स्वतः प्रयत्न करायला लावावा, अशी सोय मला तिथे सापडली नाही. मी वहीत एक ओळ सलग उतरवते, पेन्सिलीने रेघा मारते आणि मगच पडद्याकडे बघते.

म्हणून नुसत्या कोशावर बसू नका, सोबत पाठ्यपुस्तक हवंच. बेंटली लेटन यांचं वीस धड्यांचं पुस्तक (२००७) मी वापरते. शब्द विषयवार गटांत दिलेत आणि शेवटी मार्कच्या शुभवर्तमानाचे काही अध्याय वाचायला आहेत. पुस्तक स्वस्त नाही.

एक सूचना मात्र आधीच देते. कॉप्टिक चर्चमधल्या प्रार्थना समजाव्यात म्हणून शिकत असाल तर तुम्हाला बोहाइरिक लागेल. कोशात तिची रूपं आहेत, पण या दोन्ही ठिकाणचा भर मुख्यतः साहिदिकवर आहे.

सुरुवात वाळवंटातल्या साधूंच्या वचनांनी करा. स्क्रिप्टोरियमवर ती आहेत, छोटी आहेत, आणि एकेक वचन एका बैठकीत संपतं. सोहागजवळच्या श्वेत मठाचा मठाधिपती शेनूते याला पहिल्या वर्षी हातही लावू नका. त्याची वाक्यं सुरू होतात ती संपायचं नाव घेत नाहीत.