मेल जातो पण पोचत नाही? सांगलीत शंभर फुटी रस्त्यावरच्या या दुकानात जाऊन या

पाटीवर 'प्रिंटर, सीसीटीव्ही, टोनर रिफिल' एवढंच लिहिलंय. मेलचं काम करतात हे मला आमच्या सीएंच्या ऑफिसमधल्या मुलीनं सांगितलं. जिना अरुंद, वर बसायला दोन स्टुलं, चहा मात्र लगेच येतो.

आमची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. दोन वर्षं झाली, पावडरही बाहेर पाठवतो. फेब्रुवारीत, नव्या मालाचे सौदे जोरात असताना, दुबईच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ''लॅबचा रिपोर्ट पाठवणार होता ना?'' मी तीनदा पाठवला होता. 'सेंट'मध्ये तिन्ही दिसत होते. ज्यांच्याकडून डोमेन आणि मेल घेतलाय त्यांना फोन केला, तर उत्तर मिळालं, ''मॅडम, आमच्याकडून गेलाय, समोरच्यांना स्पॅम बघायला सांगा.'' ज्याच्याशी अजून एक पोतं व्यवहार झालेला नाही, त्याला तुमचा केर उपसा म्हणून कसं सांगायचं?

दुकानातल्या दादांनी पहिलाच प्रश्न विचारला, ''वहिनी, बिलं कुठल्या सॉफ्टवेअरमधनं जातात?'' मला वाटलं, यांना माझं म्हणणं कळलेलंच नाही.

मग त्यांनी सीएंच्या जीमेलवर स्पॅममध्ये पडलेला आमचाच एक मेल उघडला आणि त्याचा मूळ मजकूर दाखवला. वर 'रिसीव्ह्ड'च्या ओळी होत्या. त्या खालून वर वाचायच्या, कारण वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का वरच्या बाजूला मारत जातो. आमच्याकडून निघाल्यापासून गूगलच्या दारात पोचेपर्यंत चार सेकंद. म्हणजे मेल पोचत होता, दारातनं आत घेतल्यावर केरात जात होता. खाली मेल खरा की खोटा ते तपासल्याचे निकाल होते (ही नावं काय, ते पुढे सांगते). एसपीएफ: परमएरर, म्हणजे नोंदच चुकलेली. डीकेआयएमची ओळच नव्हती.

मी म्हटलं, मेल माझाच आहे, पासवर्ड टाकून पाठवलाय, मग शंका कसली? यावर त्यांनी जे केलं त्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून ते भाड्यानं घेतलेल्या एका सर्व्हरवर गेले (सर्व्हर-सर्व्हरमधला मेल ज्या दारानं जातो तो २५ नंबरचा पोर्ट ब्रॉडबँडवरून बहुतेक वेळा बंद असतो म्हणे) आणि तिथून आमच्या मेल सर्व्हरशी हातानं टाइप करून बोलायला लागले. समोरून २२० आलं, म्हणजे तयार आहे. यांनी 'हेलो' टाइप केलं, एकाच एलचं, कारण हुकूम चार अक्षरी. समोरून २५०, म्हणजे ठीक. मग 'मेल फ्रॉम' लिहून पुढे आमच्या सासऱ्यांचा पत्ता. २५०. 'आरसीपीटी टू' (कुणाला द्यायचा ते) लिहून माझा पत्ता. २५०. 'डेटा'. ३५४, म्हणजे सांगा काय ते. एक ओळ लिहिली, खालच्या ओळीवर नुसतं एक टिंब दिलं, की पुन्हा २५०. माझ्या मोबाइलवर टिंग वाजलं, मामंजींचा मेल, 'आज राजापुरीचा भाव काय?' मामंजी त्या वेळी घरी जेवत होते.

पासवर्ड कुणी विचारलाच नाही. आपण आपल्या सर्व्हरकडे मेल देतो तेव्हा पासवर्ड लागतो, तो ५८७ किंवा ४६५ नंबरच्या पोर्टवर. सर्व्हर-सर्व्हरमधलं बोलणं मात्र १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मांडलेल्या नियमांच्या चालीवरच अजून चालतं, आणि त्यात पाठवणारा सांगेल ते नाव. मग विश्वास ठेवायचा कशावर? मला ते यार्डाच्या हिशोबात कळलं. एसपीएफ म्हणजे आमचा माल कुठल्या गाड्या उचलतील त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पोत्याला लावलेलं सील. आणि बिल्टीवरचं नाव नि पोत्यावरचा मार्का जुळत नसेल तर मालाचं काय करायचं, ते समोरच्याला आधीच सांगून ठेवणं म्हणजे डीमार्क.

आमच्याकडे सील नव्हतंच आणि गाड्यांच्या याद्या दोन होत्या. वेबसाइट करणाऱ्या मुलानं एक घातली होती, बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यानं दुसरी. डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही रद्द धरतो. त्यात गूगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केलेत. दादांनी दोन्ही ओळी एकत्र केल्या, सील लावलं, डीमार्क आधी नुसतं 'बघत राहा' या पायरीवर ठेवलं. पंधराशे रुपये.

आता तक्रारी. ''अर्ध्या तासात करूया की,'' म्हणाले आणि तीन दिवस लागले. दीड दिवस आमच्यामुळे गेला, डोमेनचा पासवर्ड त्या वेबसाइटवाल्या मुलाकडे होता आणि तो आता पुण्यात. पण पुढचा एक दिवस यांचा. जुनी नोंद बाकीच्यांनी २४ तास लक्षात ठेवायची असा आकडा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, होता. तो आदल्या दिवशी कमी करून ठेवायला कुणी अडवलं नव्हतं.

दुसरी तक्रार मोठी. डीमार्कचे अहवाल माझ्याच इनबॉक्समध्ये येणार हे सांगितलंच नाही. रोज सकाळी झिपमध्ये बांधलेली एक्सएमएल फाइल! पहिली बघून मला वाटलं व्हायरस, दोन दिवस कॉम्प्युटरच बंद ठेवला. नंतर त्यांनी वेगळा पत्ता काढून दिला. त्याच अहवालांत दिसलं की कुणीतरी परक्यानं एका दिवसात आमच्या नावानं ४१ मेल सोडले होते. तीन आठवड्यांनी डीमार्क 'क्वारंटाइन'वर, म्हणजे न जुळणारा मेल केरात टाका या पायरीवर, नेलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

जाताना डोमेनचा लॉगिन घेऊनच जा आणि चारनंतर जा, सकाळी ते कॅमेरे बसवायला बाहेर असतात. केलेल्या कामाची यादी कागदावर मागून घ्या, आपणहून देत नाहीत. दुबईचा रिपोर्ट मिळाला, आता ते गिऱ्हाईक पोत्यांचे फोटो मागतंय. वीस एमबीचे फोटो मेलला जोडले की वाटेत त्यांचे सत्तावीसेक होतात, म्हणून मी दोन मेल करून पाठवते.

पाचपैकी चार.