शेततळ्यात मासे की बायोफ्लॉकची टाकी? आणि खाद्य कसं टाकायचं?

शेततळं भरलेलं आहे, मासे सोडायचं मनात आहे, पण बायोफ्लॉकचे (छोट्या टाकीत दाट मासे वाढवायची पद्धत) व्हिडिओ बघून निर्णय होत नाही, अशांसाठी हे लिहितोय. पैशांचा हिशोब नंतर. आधी घरात एक प्रश्न विचारा: रात्री दोनला लाइट गेली तर उठणार कोण?

बायोफ्लॉकचं सगळं या एका प्रश्नावर अडतं. 4 मीटर व्यासाची ताडपत्रीची टाकी, त्यात मीटरभर पाणी, म्हणजे साधारण साडेबारा हजार लिटर. जागा थोडी, पाणी थोडं, मासे दाट. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. गूळ किंवा मळी (मोलॅसिस) घातली की जिवाणू तो वापरून वाढतात आणि त्यांचे पुंजके मासे खातात. चिलापीला (तिलापिया मासा) हे मानवतं (परवानगीचं मात्र मत्स्य विभागात आधी विचारून घ्या). पण मासे आणि जिवाणू दोघेही ऑक्सिजन ओढत असतात. दाट टाकीत लाइट जाऊन पंपाची हवा बंद पडली की बघता बघता मासे वर येऊन तोंड वासायला लागतात. म्हणजे लाइटला बॅकअप हवाच, शिवाय अमोनिया रोज तपासायचा. शेती सांभाळून हे जमत नाही, हे माझं स्पष्ट मत.

शेततळं चुका पोटात घालतं. 30 बाय 30 मीटरचं तळं म्हणजे नऊ गुंठे पाणी. चौरस मीटरला एखादी बोटुकली (बोटाएवढं माशाचं पिल्लू) सोडली तर लाइट नसली तरी सहसा निभावतं. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरतो. इथे एक मेख आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात चिखलच नाही, मग मृगळ चरणार काय? त्याचं प्रमाण कमीच ठेवा. पाण्यात जाळीचे पिंजरे सोडून मासे वाढवायचा विषय धरणाचा, ठेक्याचा; शेततळंवाल्याने त्यात पडू नये.

आता खाद्य. चालू खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा इथेच जातो, आणि बहुतेकांचा तो तळाशी जाऊन कुजतो.

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मं निम्मं भिजवून काठावरून फेकणं सगळ्यात सोपं, पण वायाही सगळ्यात जास्त जातं. त्यापेक्षा आंध्रातली पोत्याची पद्धत बरी: प्लॅस्टिकच्या पोत्याला खालच्या बाजूने भोकं पाडायची, कोंडा-पेंड भरून बांबूला बांधून पाण्यात सोडायचं. मासे भोकांतून ओढून खातात आणि किती उरलं ते संध्याकाळी पोतं उचलल्यावर कळतं. प्लॅस्टिकच्या तळ्यात बांबू रोवाल तर कागद फाटेल. या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणा आणि पोती त्याला लटकवा.

तरंगतं खाद्य महाग, पण मासे खातायत की नाही ते डोळ्यांनी दिसतं. वीस मिनिटांनंतरही दाणे तरंगत असतील तर उद्या कमी टाका. वाऱ्याने दाणे एका कोपऱ्यात जमतात, म्हणून पीव्हीसी पाइपची चौकट करून तिच्या आत टाका. तळाशी चरणाऱ्या मृगळाला मात्र यातलं फारसं मिळत नाही. मी स्वतः रोहू-कटल्याला पोतं आणि पंगस (पंगेशियस मासा) किंवा चिलापीला तरंगतं खाद्य, असंच सांगेन.

किती द्यायचं? समजा 800 मासे आहेत, जाळं टाकून पाहिलं तर सरासरी 250 ग्रॅम भरले. म्हणजे 200 किलो मासे. या वयात वजनाच्या 3 टक्के धरले तर दिवसाला 6 किलो, दोन वेळांत विभागून. लहानपणी टक्का 5 पर्यंत, मोठे झाले की 2 पर्यंत उतरवायचा. दर पंधरवड्याला वजन बघितलं नाही तर हा हिशोब अंदाजपंचेच.

पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, त्यामुळे ऊन चढल्याशिवाय खाद्य नाही. ढगाळ दिवशी निम्मं. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बघा. तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं झालंय, त्या दिवशी पोती वरच राहू द्या.

आणि बोटुकली आणण्याआधीच ठरवा की बागेला पाणी कधी लागणार. एप्रिलात तळं अर्ध्यावर आलं की तेवढ्याच पाण्यात सगळे मासे दाटतात, म्हणून जाळं टाकून मासे काढायची तारीख मार्चमधली धरा.