मलप्रभेसाठी कृत्रिम पाऊस : सेवा कशी आहे, टेंडरात काय हवं

विमानातून ढगांत रसायनं सोडून पाऊस वाढवायचा (याला बीजन म्हणतात), अशी ही सेवा. 5 पैकी 2 तारे. तेही पिकासाठी. मलप्रभा नदीत पाणी वाढवायला म्हणून घ्यायची असेल तर एकच.

कर्नाटकने 2017 आणि 2019 मध्ये ‘वर्षाधारी’ नावाने ही सेवा घेतली होती. दर पावसाळ्यात मोठा खंड पडला की बेळगाव-खानापुरात पुन्हा तीच मागणी निघते, म्हणून आधी हिशेब. सोलापूरच्या प्रयोगात (पुण्याची हवामान संशोधन संस्था आयआयटीएम, 276 ढग) बीजन केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला, सुमारे 100 चौरस किलोमीटरवर, पाऊस साधारण 18 टक्के वाढला. म्हणजे शास्त्र खोटं नाही. आता उदार होऊन एका उड्डाणाला 100 चौरस किलोमीटरवर 5 मिलिमीटर जादा धरा. पाणी होतं 50 कोटी लिटर. त्यातलं चौथाई ओढ्याला लागलं तर साडेबारा कोटी. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. एका टीएमसीलाच झाली की सव्वादोनशे यशस्वी उड्डाणं! म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाने मलप्रभेकडे वळवायला दिलेलं पाणी 3.9 टीएमसी आहे. तुलना ज्याची त्याने करावी.

आणि चौथाईसुद्धा ओल्या जमिनीवर. मघा-पूर्वात पंधरा दिवस उघडीप पडली की जमीन भेगाळते आणि पहिली सर स्वतःच पिते. भुईमूग-सोयाबीन तरतं, मलप्रभेवरच्या नवीलतीर्थाच्या धरणाची पातळी मात्र हलत नाही. सेवा मागवली जाते ती नेमकी याच दिवसांत. नदीसाठीच करायचं तर जुलैअखेर-ऑगस्टमध्ये, जमीन भिजलेली आणि धरण रिकामं असताना करावं लागेल. दुष्काळ जाहीर झाल्यावर टेंडर काढलं की हा मोसम हातचा गेलेला असतो.

विमान कुठे उभं राहणार, हे टेंडरात पहिल्यांदा बघा. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबी हुबळीहून हवाई अंतराने 100 किलोमीटरच्या आसपास, सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) त्याच्या निम्मं. वाढता ढग अर्धा-पाऊण तास टिकतो. रडारवर ढग दिसणं, उड्डाणाची परवानगी, इंजिन सुरू करणं, यातच वीस मिनिटं जातात. हुबळीहून पोहोचेपर्यंत ढग बरसून मोकळा. सांबराच हवं.

ढगाच्या तळाशी हवा वर चढत असेल, सेकंदाला एक मीटर तरी, तिथेच पंखाखालच्या कॅल्शियम क्लोराइडच्या फ्लेअर (धूर सोडणाऱ्या नळकांड्या) पेटवायच्या. सिल्व्हर आयोडाइड ढगाच्या वरच्या, उणे पाच अंशांहून थंड भागात. खालून उष्ण ढगात जाळलं तर वाया. घाटात तळ डोंगरमाथ्याला टेकलेला असतो, त्यामुळे तळाखालून उडणं धोक्याचं. वैमानिक मग पूर्वेकडे सरकतात आणि पश्चिमेचा खरा पाणलोट तसाच राहतो. बीजन ते पाऊस वीस मिनिटं, वारा सेकंदाला 10 मीटर, म्हणजे थेंब 12 किलोमीटर पुढे पडणार. मलप्रभा पूर्वेलाच वाहते, तिला चालतं. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप तलावाचा पाणलोट छोटा. त्याच्यावर पाडायचं तर फ्लेअर महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीवर पेटवावी लागेल, आणि मग ‘आमचा पाऊस पळवला’ सुरू.

सर्वात कच्ची बाजू बिलाची. पैसे विमानतास आणि जळलेल्या फ्लेअरवर दिले की कंत्राटदार निळ्या आभाळातही फ्लेअर जाळेल. त्याऐवजी पात्र ढग आधी ठरवा, बंद पाकिटाने चिठ्ठी काढा, निम्मे ढग तुलनेसाठी मुद्दाम सोडून द्या. मोजणी कंत्राटदाराच्या रडारवर नको. जमिनीवर पर्जन्यमापक हवेत आणि खानापूरच्या पुलाशी दर तासाला नदीची पातळी. नरसाळ्यात पाला अडकला की मापक शून्य दाखवतो, म्हणून आठवड्याला साफसफाईचं काम कोणाच्या तरी नावावर लिहा. ‘काही मापकं बंद होती’ हे वाक्य अहवालात चालवून घेऊ नये.

थांबायची अटही लेखी हवी: धरण किती भरल्यावर, किती पावसाच्या इशाऱ्यावर उड्डाणं बंद. ऑगस्ट 2019 मध्ये मलप्रभेच्या काठची गावं पाण्याखाली होती. पुराच्या आदल्या दिवशीचं एक उड्डाण नोंदीत सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना उत्तर देता देता वर्ष जाईल.